तिसऱ्या घंटेचा मान

धनपाल, तुझा फोन वहिनींनी अजून चालू ठेवलाय. परवा सकाळी कोरेगावात दुकानाचं शटर वर ढकललं आणि सवयीनं बोट तुझ्या नावावर गेलं. दोन रिंग झाल्यावर मला कळलं मी काय केलंय ते. तोवर पलीकडून आवाज आला, "बोला भावजी." काय बोलणार? म्हणालो, चुकून लागला. त्या म्हणाल्या, "लागू द्या की." मग आम्ही दोघंही फोन कानाला धरून गप्प राहिलो. शेवटी एकजण जळालेली पाण्याची मोटर खांद्यावर घेऊन दारात आला, म्हणून मी फोन ठेवला.

मला तुझा राग आलाय, हे आधी सांगून टाकतो. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. ते ज्यांचं भांडण मिटलेलं असतं त्यांनी बोलावं. आपलं मिटलेलं नाही. प्रयोग तोंडावर आलेला, नेपथ्याच्या फळ्या रंगवून वाळत घातलेल्या, आणि तू सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीचा सौदा चालू असताना, छातीला हात लावून ढिगाच्या कडेला खाली बसलास. बसलास तो उठलाच नाहीस. मी पोचलो तेव्हा तुझ्या नखांत हळद तशीच होती. अडत्याची ती बोटं कधी पिवळी नव्हती असं मला आठवत नाही. माझ्या प्रत्येक नाटकाच्या संहितेवर तुझ्या अंगठ्याचे डाग आहेत.

लोकांना आपली जोडी कळायची नाही. एकजण पाण्याच्या मोटारी रिवाइंड करणारा, साताऱ्याकडचा, तोंडानं तिखट. दुसरा सांगलीचा जैन व्यापारी, कांदा न खाणारा, सूर्य मावळायच्या आत डबा उघडणारा. कॉलेजात एकांकिकेसाठी ट्रॉली पाहिजे होती. तू घरची ट्रॉली घेऊन आलास आणि परत गेलाच नाहीस. पुढं मी लिहायचं, बसवायचं आणि बाकीचं सगळं तू करायचं असं होऊन गेलं. पडदा, परवानगी, जनरेटर, तिकीटखिडकी, रुसलेला नट, भुकेला नट, सगळं तुझ्याकडं.

आणि इतकं करून तू एकही नाटक बघितलं नाहीस. हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. तिसरी घंटा झाली की तू बाहेर. चहाच्या गाडीशी जाऊन उभा राहायचास. स्वतः संध्याकाळनंतर चहा घ्यायचा नाहीस, पण नाटक संपायच्या सुमाराला माझ्यासाठी एक सांगून ठेवायचास आणि कपावर बशी पालथी घालून धरायचास. मी घामाघूम बाहेर आलो की विचारायचास, "झालं?" मी म्हणायचो, "झालं." एवढीच आपली नाट्यसमीक्षा.

एकदा मी खोदून विचारलं, गड्या, आत का बसत नाहीस? तू म्हणालास, "आत बसलो आन् लोक उठून जायला लागलं, तर मला दिसंल की रं. भाईर असलं की वाटतं, समदी बसल्यात." मी तेव्हा हसलो होतो. आता ते वाक्य आठवलं की हातातलं काम थांबतं.

'वाट सोडा' लिहून झालं तेव्हा तुला पहिल्यांदा वाचून दाखवलं ते तुझ्याच पिकअपमध्ये, कऱ्हाडच्या अलीकडं, टायर बदलायला थांबलो होतो तिथं. कवठे महांकाळकडची धनगराची म्हातारी. तिच्या मेंढरांची पिढ्यान् पिढ्यांची वाट पवनचक्कीवाल्यांनी कुंपण घालून बंद केलेली. म्हातारी त्या वाटेत उभी राहते ती हलत नाही. सरपंच येतो, साहेब येतो, सगळे म्हणतात वाट सोडा. शेवटी चक्कीचं पातं घेऊन लांबलचक गाडी येते, आणि गाडीवर ड्रायव्हर तिचाच नातू असतो. म्हातारी त्याच्याकडं बघते आणि बाजूला होते. तू पाना हातात घेऊन ऐकत होतास. वाचून संपलं तरी तू चाक बसवेनास. मग म्हणालास, "करायचं. कसं ते मी बघतो."

बघायला गेल्यावर कळलं किती अवघड आहे ते. कुणी न ऐकलेलं नाटक, नाव नसलेले नट, गाणं नाही, विनोद नाही, मध्यभागी एक म्हातारी. कोण पैसे घालणार? एका बड्या पुढाऱ्यानं आपल्याला बंगल्यावर बोलावलं, आठवतंय? त्यांनी सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली. फक्त पवनचक्क्यांच्या जागी दुसरं काहीतरी घाला म्हणाले. मी भडकणार होतो, त्याआधी तूच कप खाली ठेवलास आणि हात जोडलेस. "चहा लय झ्याक हुता साहेब," म्हणालास आणि चपला घालून चालायला लागलास. तू व्यापारी, तू तडजोड करशील असं मला वाटलं होतं. त्या दिवशी तुझा मला फार अभिमान वाटला. बोललो नाही, कारण लगेच पुढच्या चौकात तुझं डोकं फिरलं आणि तू ती कल्पना काढलीस.

तुमच्या गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मोठ्या पूजेला सवाल होतात. पहिला कलश कुणी घालायचा, आरतीचा मान कुणाचा, हे चारचौघांत बोली लावून ठरतं. ज्याचा सवाल वरचढ त्याचा मान. आणि एकदा तोंडातून गेलेला सवाल मागं घ्यायचा नाही. बोलणारा अडला तर त्याचं घर तो पुरा करतं. तू म्हणालास, आपण नाटकाचे सवाल करू. नारळ फोडायचा सवाल, समई लावायचा सवाल, पहिली घंटा, दुसरी घंटा, तिसरी घंटा. "आपल्या लोकांस्नी देणगी माग, न्हाई म्हणत्यात. मान दे, घर गहाण टाकतील."

पेठनाक्यापर्यंत मी तुला शिव्या घालत होतो. नाटकाचा लिलाव मांडतोस? नाटक म्हणजे काय देवाचा अभिषेक आहे?

तू गिअर बदललास आणि शांतपणे म्हणालास, "न्हाई तर काय हाय?"

मी आणखी मोठ्यानं ओरडायला लागलो.

सवाल तुमच्या गावच्या समाजमंदिरापुढं मांडव घालून झाले. मला वाटलं होतं, आठ-दहा टाळकी येतील. मांडव भरला. कडेगावकडचे ऊसवाले, बेदाणा करणाऱ्या बायका, हळदीतले तुझे दोस्त. ज्यांनी उभ्या जन्मात तमाशा आणि गॅदरिंगपलीकडं काही बघितलं नव्हतं, ते माझ्या नाटकाच्या घंटेवरून हमरीतुमरीवर आले. बस्तीतले सवाल पुकारणारे तुझे चुलते, आप्पा, धोतर सावरत उभे होते आणि खणखणीत आवाजात एक वार, दोन वार करत होते. पहिली घंटा एका ऊसवाल्यानं घेतली, वर नेपथ्य न्यायला ट्रॅक्टर देतो म्हणाला. दुसरी घंटा कवठे महांकाळच्या एका बेदाणेवाल्या बाईंनी जिंकली आणि पदर खोचून सगळ्यांकडं अशा बघायला लागल्या की बघतच राहावं. पैसा उभा राहत होता. मला मात्र खुर्चीत बसवेना.

तिसरी घंटा पुकारली आणि एका खतवाल्यानं हात वर केला. मी उठून उभा राहिलो. "तिसरी घंटा विकायची नाही," म्हणालो.

आप्पा म्हणाले, "एकदा मांडलेलं उचलायचं न्हाई बाबा. वाईट दिसतंय. पायजे तर तू सवाल बोल."

माझ्याकडं बोलायला काय होतं? मी तुला शोधायला लागलो. आणि तू कुठं होतास? मांडवाच्या बाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी. स्वतः मांडलेल्या सवालालाही तू आत बसला नव्हतास! माझं टाळकं सरकलं. म्हणालो, "माझा सवाल असा. पहिल्या प्रयोगाला धनपाल आत बसेल. पहिल्यापासून शेवटपर्यंत. हलणार नाही."

"दुसऱ्याच्या जिवावर सवाल बोलतोस व्हय रं?" आप्पा हसले. मग तुझ्याकडं वळले. "धनपाल, तुला कबूल हाय का?"

सगळा मांडव मान वळवून तुझ्याकडं बघत होता. तू रुमालानं तोंड पुसलंस. वहिनी बायकांत बसल्या होत्या, त्या पदराआड हसत होत्या. तू म्हणालास, "कबूल."

खतवाल्यानं आकडा चढवला. आप्पांनी त्याला हातानं खाली बसवलं. "पैशानं ह्याच्यावर चढता यायचं न्हाई. एक वार, दोन वार, तीन वार. घंटा ह्याची, बसणं तुझं." टाळ्या पडल्या. धनपाल, मी तुझी फजिती करायला बोललो होतो. पण तो टाळ्यांचा आवाज मला फार आवडला, आणि त्या माणसांच्या पैशानं नाटक करायची मला तोवर वाटणारी लाज तिथंच संपली. हे तुला सांगायचं राहून गेलं. तुझं बरोबर होतं. घे, लिहून देतो.

पण म्हातारीच्या बाबतीत तुझं बरोबर नव्हतं. परतीच्या वाटेवर तू तोंड फुगवून गाडी चालवत होतास आणि मधेच म्हणालास, "बसतो आत. पर शेवट बदल."

"का?"

"म्हातारी बाजूला हुती त्ये मला बघवायचं न्हाई. नातवानं गाडी मागं घ्यावी की."

मी म्हणालो, पातं लादलेली गाडी मागं येत नसते. तू म्हणालास, "यती. ड्रायव्हरला आणायची असली की यती." मी म्हणालो, जगात असं होत नाही. तू म्हणालास, "मग नाटक कशाला करायचं?" तालमी सुरू झाल्या, अनितानं म्हातारी अशी उभी केली की दिवसभर दवाखान्यात सुया टोचणारी हीच का ती बाई, असं वाटावं. तरी तुझं पालुपद चालूच. फोनवर हळदीचा भाव सांगता सांगता म्हणायचास, "न्हाई इलास, म्हातारीनं हटायचं न्हाई." शेवटच्या दिवशी सकाळीही तेच. माझ्या दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. म्हणालो, "आता ठेव. संध्याकाळी भांडू."

मला तुझा निरोप असा घ्यायचा नव्हता. खरं तर कसाच घ्यायचा नव्हता.

रक्षाविसर्जन झाल्यावर मी तुझ्या घरी गेलो. आप्पा ओट्यावर बसले होते. त्या खणखणीत माणसाच्या आवाजाचं पार चिपाड झालेलं. नाटकाचं काय, असं कुणी विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. आपल्या नाटकमंडळींचं आधीच ठरलं होतं की प्रयोग पुढं ढकलायचा. मला विचारशील तर करायचाच नव्हता. तुझ्याशिवाय नाट्यगृहाच्या पायऱ्या चढायच्या, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. लोकांचे मानाचे पैसे परत करू, फळ्या जाळून टाकू, असं काय काय डोक्यात येत होतं. निघताना वहिनी दाराशी आल्या.

"तारीख कवाची हाय, भावजी?"

म्हणालो, "वहिनी, आता नाटक नाही. पुढं बघू."

"सवाल झालाय न्हवं?"

मी खाली बघितलं. त्या म्हणाल्या, "ह्यांनी चारचौघांत कबूल केलंय. माणूस ऱ्हायला न्हाई तर सवाल घरावर येतो. ह्यांची खुर्ची कंची ती सांगा. मी बसते."

उभ्या संसारात त्या आपल्या एकाही नाटकाला आल्या नव्हत्या. नाटकांपायी तू सणाला घरी नसायचास, मुलीच्या बारशाला उशिरा पोचलास, म्हणून त्यांचा नाटकावर राग होता आणि तो योग्यच होता. मी आप्पांकडं बघितलं. वाटलं, म्हातारा काहीतरी म्हणेल, सुतक काढेल, लोक काय म्हणतील ते काढेल. आप्पा नुसते म्हणाले, "तिचं बराबर हाय."

काल प्रयोग झाला. तिथपर्यंत कसे पोचलो ते मला नीट आठवत नाही. तिकीटखिडकीवर तुझा पुतण्या बसला. जनरेटर दोनदा बंद पडला आणि दोन्ही वेळा मी तुझं नाव घेऊन हाक मारली. तू ठरवल्याप्रमाणं रंगमंचाच्या कोपऱ्यात पडद्यापुढं तीन पायांच्या लोखंडी तिकाटण्याला पितळी घंटा टांगली होती. मानकऱ्यांनी सगळ्यांसमोर येऊन ती वाजवायची. ऊसवाला फेटा बांधून आला, त्यानं पहिली दिली. बेदाणेवाल्या बाईंनी दुसरी अशी हाणली की तिकाटणं हललं. लोक हसले. मग माझी पाळी.

मी पडद्यापुढं आलो. नाट्यगृह भरलं होतं. शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत, पांढऱ्या साडीत वहिनी बसल्या होत्या. ती खुर्ची तूच निवडली होतीस. पळायला सोपी म्हणून, मला माहीत आहे. मी दोरी हातात घेतली आणि माझा हात वर होईना. विंगेत अनिता काठी टेकून उभी, मागं सगळे नट, समोर सगळे मानकरी. मी उभाच. घंटा माझी, बसणं तुझं, असं ठरलं होतं ना? तू बसला नव्हतास. मग मी कुठल्या तोंडानं वाजवू? लोक चुळबुळायला लागले. कुणीतरी खोकलं. मला वाटलं, आता दोरी सोडावी आणि सरळ घरी जावं.

तेव्हा शेवटच्या रांगेतून आवाज आला. मोठा नव्हता, पण सगळ्यांनी ऐकला.

"वाजवा, भावजी. ह्ये भाईर हाईत."

धनपाल, मी घंटा दिली. पडदा गेला, दिवे आले, आणि मी विंगेत फळीला टेकून लहान पोरासारखा रडलो. पहिला प्रवेश मी बघितलाच नाही. आवाज तेवढे ऐकले. मग मेंढरांच्या हाका आल्या, सरपंच आला, लोक एकदा हसले, आणि नंतर एकदम कुणीच हललं नाही. मी फटीतून शेवटची रांग बघत होतो. वहिनी हलल्या नाहीत. कुणीही उठून गेलं नाही. हे तुला मुद्दाम सांगतो. शेवटपर्यंत सगळी बसली होती.

नाटक संपल्यावर मी सवयीनं मागच्या दारानं बाहेर पडलो. चहाची गाडी होती. माझा चहा सांगून ठेवलेला नव्हता. गाडीवाल्यानं मला ओळखलं आणि तो उगाच फडकं मारत बसला. मी एक चहा घेतला. त्यावर बशी पालथी घातली आणि कप हातात धरून उभा राहिलो. 'झालं?' असं कुणी विचारणार नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी मी उभा होतो.

वहिनी बाहेर आल्या. डोळे सुजलेले. मला वाटलं, आता दोघं पुन्हा फोनसारखे गप्प उभे राहू. पण त्या माझ्यासमोर आल्या आणि रागानं म्हणाल्या, "भावजी, म्हातारीनं का म्हणून हटायचं? नातवानं गाडी मागं घ्यायची हुती."

मी म्हणालो, "हे तुम्हाला धनपालनं सांगून ठेवलंय."

"ह्ये घरात नाटकाचं कवा बोलत हुतं? म्या बघितलं न्हवं आत्ता. मला न्हाई पटलं."

"वहिनी, पातं लादलेली गाडी मागं येत नसते," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "जगात असं होत..." आणि पुढचं वाक्य मला पुरं करता आलं नाही. वहिनींनी माझ्या हातातला कप काढून घेतला, कारण तो सांडत होता.

शेवट मी बदललेला नाही. बदलणारही नाही. तुझं म्हणणं मला तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटलेलं नाही, आणि पटावं म्हणून तू मेलास असंही मी समजणार नाही. माझ्याकडं अजून खूप मुद्दे आहेत. सगळे तुझ्यासाठीच काढून ठेवलेत.

संध्याकाळी भांडू म्हणालो होतो. रोज संध्याकाळ होते रं, धनपाल.